टायरच्या बाजूवरचा खळगा आणि टेंगूळ

मोटारीच्या टायरमध्ये पुरेशी हवा भरून तिरप्या उजेडात त्याच्या बाजूकडे पाहिले, तर पुष्कळदा तेथे एक उथळ खळगा दिसतो. तो रिमकडून नक्षीच्या पट्ट्याकडे सरळ गेलेला असतो आणि बोटाला जेमतेम जाणवतो. दुसऱ्या एखाद्या टायरवर त्याच जागी लिंबाएवढे टेंगूळ आलेले असते. पाहणाऱ्याला दोन्हींची सारखीच धास्ती वाटते. प्रत्यक्षात पहिला टायर खुशाल वापरावा आणि दुसरा त्याच दिवशी उतरवावा. असे का, हे कळण्यासाठी टायरच्या बाजूच्या आत काय असते आणि ते तेथे कसे आले, ही दीडशे वर्षांहून जुनी हकीकत पाहावी लागते.

टायरमधली हवा रबर धरून ठेवते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. रबर हवा बाहेर जाऊ देत नाही, पण दाब सोसतात ते रबरात पुरलेले दोरे. मोटारीच्या टायरमधला दाब दर चौरस इंचाला ३२ पौंड धरला, तर तो चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतो. काड्यापेटी टायरच्या बाजूवर आडवी ठेवली, तर ती साडेसतरा चौरस सेंटिमीटर जागा झाकते. म्हणजे तेवढ्याशा तुकड्याला आतली हवा जवळजवळ चाळीस किलोच्या जोराने बाहेर ढकलत असते! नुसते रबर या जोरापुढे फुग्यासारखे फुगत जाईल.

हवेच्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी आत आणि चामड्याचे वेष्टण बाहेर, अशी त्यांची रचना होती. आवरणाने आकार धरायचा आणि नळीने हवा, ही कामाची वाटणी तेव्हाच झाली होती. पण रस्त्यावर घोडागाड्याच होत्या, आणि हा शोध लोक विसरून गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी असेच चाक स्वतंत्रपणे तयार केले. थॉमसन यांच्या जुन्या पेटंटमुळे डनलॉप यांचे पेटंट १८९० मध्ये रद्द ठरले, तरी धंदा मात्र चालू झाला तो त्यांच्याच नावाने.

सुरुवातीच्या टायरांत विणलेले जाड कापड वापरीत. कापड म्हणजे उभे-आडवे धागे, एकमेकांवरून गेलेले. मोटारीचे चाक एका किलोमीटरला साडेपाचशेच्या आसपास फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात टायरच्या बाजूचा प्रत्येक भाग एकदा दबून सरळ होतो. दर वेळी उभे धागे आडव्या धाग्यांवर करवतीसारखे घासत. ते तापत, झिजत आणि शेवटी टायर फुटे. यावर उपाय निघाला तो आडवे धागे जवळजवळ काढूनच टाकण्याचा. समांतर दोऱ्यांचा थर रबरात बुडवायचा, त्यावर दुसरा थर उलट्या तिरक्या दिशेने घालायचा, आणि असे दोन, चार किंवा अधिक थर रचायचे. दोरे आधी सुती होते, मग रेयॉनचे आणि नंतर नायलॉनचे आले. या टायरची बाजू जाड असे. एखाद्या थरात काही कमीजास्त असले, तरी उलट दिशेचे बाकीचे थर ते झाकून टाकीत.

तिरके थरही एकमेकांवर सरकतच होते आणि टायर तापतच होता. इंग्लंडमध्ये ग्रे आणि स्लोपर यांनी १९१३ मध्येच दोरे तिरके न ठेवता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, म्हणजे चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने घालण्याचे पेटंट घेतले होते. ते काम कागदावरच राहिले. फ्रान्समध्ये मिशलँ कंपनीचे मारियुस मिन्योल यांनी टायर कोठे तापतो हे शोधण्यासाठी एक विलक्षण टायर बनवला. त्याच्या बाजूंतले कापड काढून तेथे दूरदूर अंतरावर आऱ्यांसारख्या तारा बसवल्या. दिसायला तो माश्यांच्या पिंजऱ्यासारखा होता, आणि तेच त्याचे टोपणनाव पडले. त्यातून पुढे आलेल्या रचनेचे पेटंट कंपनीने १९४६ मध्ये घेतले आणि १९४९ मध्ये टायर बाजारात आणला. हाच रेडियल टायर. नक्षीखाली पोलादी पट्टे, आणि बाजूंत मात्र सरळ दोऱ्यांचा बहुधा एकच थर.

या पातळ बाजूने जुन्या नजरेला पहिल्यापासून चकवले. जमिनीजवळ ती फुगलेली दिसे आणि हवा पुरेशी असूनही कमी वाटे. आमच्या मते आजचा खळग्याचा घोटाळा याच जातीचा आहे.

मोटारीच्या रेडियल टायरमधला थर आता पुष्कळदा पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा असतो. टायर तयार करताना हा थर एका पिंपावर गुंडाळतात आणि त्याची दोन टोके थोडी एकमेकांवर चढवून जोडतात. त्या अरुंद पट्टीत दोरे दुप्पट होतात. हवा भरली की सगळे दोरे किंचित ताणतात, पण दुप्पट दोऱ्यांची पट्टी कमी ताणते आणि तेवढी जागा मागे राहते. हाच खळगा. टायर तेथे सर्वांत मजबूत असतो! दाब वाढवला की खळगा ठळक होतो, हवा सोडली की पुसट होतो. वर्गात हे सहज दाखवता येते. फुगा अर्धवट फुगवावा, त्यावर चिकटपट्टीचा एक लांब तुकडा लावावा आणि मग आणखी फुगवावा. पट्टीच्या जागी पन्हळ पडते.

टेंगूळ याच्या नेमके उलट असते. तेथे दोरे तुटलेले असतात, किंवा कारखान्यातच जोड नीट न बसल्याने त्यांच्यात फट राहिलेली असते. सायकलच्या टायरला काप गेला की आतली ट्यूब बाहेर डोकावते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बहुतेक टेंगळे खड्ड्यामुळे येतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले की टायरची बाजू रिम आणि ती कडा यांच्यात चिमटली जाते आणि दोरे आतल्या आत तुटतात. बाहेरच्या रबरावर ओरखडाही नसतो, आणि टेंगूळ काही दिवसांनीही वर येऊ शकते. ठिगळ लावून उपयोग नाही, कारण ही जागा प्रत्येक फेऱ्याला वाकते.

एक फसवी गोष्ट मात्र आहे. दोन खळगे जवळजवळ असले, तर मधला सपाट भागच उंच वाटतो. अशा वेळी खळग्यांच्या पलीकडच्या बाजूशी त्याची उंची ताडून पाहावी. तीच भरली तर ते टेंगूळ नव्हे. आणि खळग्याला स्पष्ट काठ असेल, जवळ काप असेल किंवा तो आदळल्यानंतर उमटला असेल, तर टायर रिमवरून काढून आतून तपासून घ्यावा.

कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांत रचना सुटल्याने किंवा अंशतः निकामी झाल्याने आलेला गोळा, फुगवटा किंवा चीर असलेला टायर वापरण्यास बंदी आहे. खळग्याचा उल्लेख नाही. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, एका जागची विकृती किंवा सूज यांतून टायर निकामी होऊ लागल्याची चिन्हे दिसली, तर तो सुस्थितीत धरत नाहीत. येथे ‘विकृती’ या शब्दावर अडून खळग्यालाही दोषी ठरवता येईल, पण नियमाचा रोख निकामी होण्याच्या चिन्हांवर आहे.

टेंगूळ टायरच्या आतल्या बाजूलाही येते, आणि ते गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. शाळेच्या बसला मागे जोडचाके असतील, तर दोन टायरांच्या मधल्या बाजू बॅटरी लावूनच पाहाव्या लागतात.