जुन्या कपाटातले धन

खंडाळ्याच्या जुन्या बंगल्याच्या भिंतीत मोहरा सापडल्या, तर 1878 चा निखात निधी कायदा जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देण्यास सांगतो. त्याच खोलीतले कपाट विकत घेतले आणि चोरकप्प्यात थैली निघाली, तर मात्र हा कायदा गप्प. त्याला जमिनीत किंवा तिला जखडलेल्या वस्तूत दडलेलेच धन दिसते. मग थैली कोणाची? 1841 च्या 'मेरी विरुद्ध ग्रीन' या इंग्लिश खटल्यात लिलावात घेतलेल्या मेजाच्या गुप्त खणात असेच पैसे निघाले होते. मेज आतल्या जिनसांसह विकले असे मानण्यास आधार नसेल, तर ते ठेवून घेणे चोरीच, असे न्यायालयाने म्हटले. आपली 1860 ची दंडसंहिता, आणि आता 2023 ची न्याय संहिताही, मालक शोधण्यासाठी वाजवी प्रयत्न मागते, वाजवी काळ थांबायला सांगते. 'वाजवी' म्हणजे किती, हे प्रसंगावर सोडले आहे. कपाट विकणाऱ्याला विचारल्यावाचून तो काळ सुरूच होत नाही, असे मला वाटते.