रायझोबियममधील रासायनिक संदेशन
वाटाणा, मसूर यांच्या मुळांवर गाठी निर्माण करणारा रायझोबियम लेग्युमिनोसॅरम हा जिवाणू ॲसिल होमोसेरीन लॅक्टोन या रेणूंद्वारे स्वजातीयांना संदेश देतो. पेशी हे रेणू सतत बाहेर सोडतात. मुळांभोवती पेशींची दाटी वाढली की रेणूंची संहती वाढते व ठरावीक जनुके कार्यान्वित होतात. या रेणूंपैकी एक याच जिवाणूच्या काही वाणांची वाढ रोखतो, म्हणून प्रथम तो जिवाणुनाशक बॅक्टेरिओसिन मानला गेला. त्याची खरी रासायनिक ओळख १९९६ मध्ये पटली. यजमान वनस्पतीशी होणारी देवाणघेवाण मात्र निराळी, आणि अधिक विलक्षण : मुळांतून फ्लॅव्होनॉइड्स पाझरतात, उत्तरादाखल जिवाणू ‘नॉड घटक’ हे संदेश-रेणू स्रवतो आणि मूलरोमाचे टोक वळून जिवाणूला वेढून घेते.