दिव्यांचें झाड

झाडांस दिवे लावण्याची चाल साहेबाच्या देशांतून आली, असें आपण सहज बोलून जातों. तें अर्धेंच खरें आहे. आमच्या चंद्रपुरांत अलीकडे दिवाळी लागली कीं मंगल कार्यालयांपुढील निंब, अशोक, गुलमोहर यांच्या खोडांस विजेच्या माळा गुंडाळल्या जातात. त्या नाताळ आणि इंग्रजी नववर्ष होईपर्यंत, आणि पुढें लग्नसराईचें निमित्त मिळालें तर ज्येष्ठ संपेपर्यंतहि, तशाच राहतात. ख्रिस्ती बांधवांच्या दारावरील ताऱ्याचा कंदील सणाबरोबर उतरतो. झाडावरील माळ मात्र उतरत नाहीं. हा प्रकार आला कोठून आणि त्यांत आपलें कितपत, हें शोधून पाहावें असें त्या माळा पाहून प्रस्तुत लेखकाच्या मनांत आलें.

आपलें जें आहे तें पुष्कळ जुनें आहे. अनेक दिवे धारण करणाऱ्या उंच समईस संस्कृतांत ‘दीपवृक्ष’ असें नांव आहे. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरितां’त सिद्धार्थाच्या महालांत सोन्यानें झळकणारे दीपवृक्ष आहेत. देवळापुढील दगडी दीपमाळ ही त्याच कल्पनेची थोरली बहीण. जेजुरीचा गड चढतांना ज्या दीपमाळा लागतात, त्यांच्या अंगांतून बाहेर आलेले दगडी हात पाहिले म्हणजे पाथरवटाच्या डोळ्यांपुढें खोड आणि फांद्याच असाव्यात, याविषयीं माझ्या मनांत तरी संशय राहत नाहीं. त्रिपुरी पौर्णिमेस त्या हातांवर पणत्या ठेवल्या कीं दगडाचें झाड फुलतें. गोमांतकांत मंगेशीची दीपमाळ तर सात मजली आहे.

पण येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दिव्यांसाठीं आपल्या लोकांनीं जें झाड घडविलें तें दगडाचें किंवा पितळेचें. जिवंत झाडाला दिवा दाखविला तो त्याच्या बुंध्याशीं. तुळशीपुढें, वडापिंपळाच्या पारावर, कार्तिकांत आवळीखालीं पणती लागते. आकाशदिवा टांगावयाचा तो बांबूच्या काठीला. पानांफांद्यांशीं ज्योत नेणें धोक्याचें, हें कारण उघड आहे. पण तेवढेंच नसावें. दिवेलागणीनंतर फूलपान तोडूं नये, झाडें झोंपलेलीं असतात, असें आमच्या घरांतील वडील माणसें सांगत आणि आम्ही मुलें तें मुकाट्यानें ऐकत असूं.

पूर्वेकडील गडचिरोलीच्या रानांत या गोष्टीस आणखी खोल अर्थ आहे. गोंडांचा बडा देव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांत वास करतो. त्याचें ठाणें त्याच झाडाखालीं. मोहाचें झाड तर तेथील माणसाचें अन्नदातेंच. त्याच्या बियांचें तेल खाण्यांत येई तसें दिव्यांतहि जळे. करंजाचें तेलहि दिव्यांत जळे. म्हणजे येथें झाड दिव्याला तेल पुरवी. दिव्यानें झाडावर चढावें ही कल्पना कोणाच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं.

ख्रिस्ती देशांतहि दिव्यांचें झाड प्रथम घरांतलें होतें. जर्मनींत नाताळच्या रात्रीं सूचिपर्णी झाड दिवाणखान्यांत आणून त्यावर मेणबत्त्या लावीत. १८४८ सालीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नें व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन पति आल्बर्ट आणि त्यांचीं मुलें अशा झाडाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र छापलें, आणि राजवाड्यांत जें होतें तें आपल्याकडे कां नको, या न्यायानें इंग्लंडच्या मध्यम वर्गानें ती चाल उचलली. (हा न्याय कांहीं इंग्लंडापुरताच नाहीं.) मात्र मेणबत्त्या घटकाभरच पेटवीत आणि जवळ पाण्याची बादली ठेवीत. अग्नीची भीति होती तोंवर झाडाला रात्रीचा बहुतेक भाग मोकळा मिळे.

ती भीति विजेनें घालविली. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसनचें वीजघर न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू झालें, आणि त्याच वर्षींच्या २२ डिसेंबरास त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें आपल्या घरांतील झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावून तें विजेच्याच बळावर गरगर फिरविलें. झाड दिवाणखान्यांतून चौकांत यावयास आणखी तीस वर्षें लागलीं. १९१२ च्या नाताळांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्यें सार्वजनिक झाड उभें राहिलें. १९२३ सालीं वॉशिंग्टनमध्यें राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनीं कळ दाबतांच ४८ फुटी झाडावर अडीच हजार दिवे लागले. पण हीं झाडें रानांतून तोडून आणलेलीं होतीं. मेलेल्या झाडाला दिव्यांचा त्रास तो काय होणार!

मुळावर उभ्या असलेल्या, वाढत्या झाडांच्या रोषणाईची जी हकीकत अमेरिकेंत प्रसिद्ध आहे, तिच्यांत आपल्या देशाचा एक धागा गुंतला आहे. कॅलिफोर्नियांत ऑल्टाडेना या गांवीं जॉन वुडबरी नांवाच्या जमीनदारानें आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर १८८५ च्या सुमारास दुतर्फा देवदार लावले. देवदार म्हणजे आपल्या हिमालयाचाच वृक्ष. ज्याच्या नांवांतच देव आहे, आणि ज्याला कालिदासानें शंकराचा मानसपुत्र मानिलें. १९२० च्या नाताळांत गांवकऱ्यांनीं या देवदारांवर रंगीत दिवे सोडले आणि पाऊण मैलाची ती वाट दरवर्षीं उजळूं लागली. २०२५ च्या जानेवारींत वणव्यानें त्या गांवाचा मोठा भाग जाळला. देवदार मात्र बहुतेक वांचले.

आणि योगायोग असा कीं, त्याच १९२० सालीं अमेरिकेच्याच शेतकी खात्यांतील गार्नर व अॅलर्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. कांहीं जातींची तंबाखू आणि सोयाबीन केव्हां फुलावयाचें हें दिवसाच्या लांबीवरून ठरवितात, असें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. पुढें कळलें कीं वनस्पति खरोखर मोजतात ती रात्रीची लांबी. आणि काळोखाच्या मध्यें थोडा उजेड पडला तरी तें माप चुकतें. १९३६ सालीं एडविन मॅट्झ्के यानें न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पाहिलें कीं दिव्याच्या खांबाशेजारच्या झाडांचीं पानें, अंधारांतील झाडांच्या मानानें, उशिरां गळतात; एकाच झाडाची उजेडाकडील बाजू हिरवी आणि दुसरी उघडी. झाडें झोंपतात, हें आमच्या वडील माणसांचें बोलणें शब्दशः खरें म्हणतां येणार नाहीं. पण रात्र झाली हें झाडास कळतें, एवढें तर खरेंच ठरलें. आजचे एलईडी दिवे पूर्वीसारखे तापत नाहींत, म्हणून ते निरुपद्रवी असें विकणारा सांगतो. सालीला चटका बसत नाहीं हें मान्य. परंतु रात्र मोडते ती मोडतेच. शिवाय खिळे ठोकून ताणलेली तार खोड वाढतांना सालींत रुतते, तो काच निराळा.

या प्रश्नाचा निवाडा मागण्यासाठीं लोकांनीं न्यायालयाची पायरी चढली ती आमच्याकडे नव्हे, ठाण्यास. मुंबई, ठाणें आणि मीरा-भाईंदर येथील झाडांवरील रोषणाईविरुद्ध एका ठाणेकर नागरिकाची जनहित याचिका २०२४ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें आली, आणि त्याच वर्षींच्या एप्रिलांत मुंबई महानगरपालिकेनें माळा उतरविण्याचे हुकूम दिले. आधार जुनाच होता. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणासाठीं महाराष्ट्रानें १९७५ सालीं केलेल्या कायद्यांत ‘झाड तोडणें’ या शब्दांच्या अर्थांत झाडास कोणत्याहि प्रकारें इजा करणें हेंहि येतें.

ती बातमी वाचतांना आम्हां चंद्रपूरकरांस एक निराळाच विचार सुचावा. ठाण्याच्या झाडावर लागणारी वीज येते कोठून? शहराजवळ दुर्गापूर येथें महानिर्मिती कंपनीचें सर्वांत मोठें औष्णिक वीजघर आहे. पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तेथून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची थेट वाहिनी गेली आहे. राख आमच्याकडे आणि उजेड तिकडे, असें येथील लोक म्हणतात; त्यांत राग आहे, पण अतिशयोक्ति फार नाहीं. आणि या वीजघरांत जळतें तें काय? वर्धा नदीच्या खोऱ्यांतील दगडी कोळसा. म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं याच भूमीवर वाढून गाडलें गेलेलें अरण्य. त्या खडकांच्या मालिकेस भूशास्त्रज्ञांनीं जगभर जें ‘गोंडवन’ हें नांव दिलें, तें येथल्या गोंडांचेंच. त्याहून बऱ्याच अलीकडच्या काळांतील, दगड झालेलीं खोडें पाहावयाचीं असतील त्यांनीं सिरोंच्याजवळ वडधमला जावें. सारांश, मेलेलें रान जाळून जितें झाड रात्रभर जागें ठेवावयाचें, असा हा व्यवहार आहे.

आणि या व्यवहारांत ज्यांच्याकडे रान सर्वांत अधिक, त्यांच्याकडे दिवा सर्वांत उशिरां गेला. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां तेथें वीज नव्हती, आणि पुढें कित्येक वर्षें आली नाहीं. डॉक्टर प्रकाश आमटे यांनीं कंदिलाच्या उजेडांत रोग्यांच्या जखमा शिवल्या. दुर्गापूरचीं धुराडीं तोंवर धूर सोडूं लागलीं होतीं. ज्या प्रदेशांत दवाखान्याच्या दिव्यास वीज मिळण्यासाठीं इतका काळ वाट पाहावी लागली, तेथील शोभेच्या माळेकडे पाहतांना मला मोकळा आनंद होत नाहीं. यांत दोष त्या माळेचा थोडा आणि माझ्या स्मरणाचा अधिक, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक जुना निंब आहे. त्याच्या ढोलींत पिंगळ्यांची एक जोडी राहत असे. दोन वर्षांपूर्वीं शेजारच्या गृहस्थांनीं मुलीच्या लग्नाकरितां त्यावर माळा चढविल्या. लग्न थाटाचें झालें. मुलगी आनंदांत आहे. मीं एकदां भीत भीतच विषय काढला, तेव्हां ते म्हणाले, “काका, पाऊस लागला कीं उतरवूं.” त्यानंतर दोन पावसाळे झाले. निम्मे दिवे आतां लागत नाहींत. पिंगळे समोरच्या शाळेच्या छपरांत गेले आहेत. आणि परवां जवळ जाऊन पाहिलें तों खालचे तीन वेढे सालीनें गिळून टाकले होते. ते सोडवावयाचे तर आतां साल कापावी लागेल.