खानदेशातील विनामूल्य विधिसाहाय्य आणि विधी-विद्यार्थी

गरिबास न्यायालयात विनामूल्य साहाय्य मिळावे, हा विचार मुंबई इलाख्यात बराच जुना आहे. १८७५ च्या शेतकरी दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये जो शेतकरी-साहाय्याचा कायदा झाला, त्याने लहान दाव्यांतून वकिलांस वगळले. आणि जेथे सावकारातर्फे वकील उभा राहील, तेथे निर्धन शेतकऱ्यातर्फे सरकारी वकील किंवा अन्य योग्य व्यक्ती नेमण्याची मुभा न्यायाधीशास दिली. वकिलास दूर ठेवणे आणि वकील पुरविणे, या परस्परविरोधी भासणाऱ्या दोन्ही उपायांचा उगम एकाच अनुभवात होता. ऋणकोचा पराभव बहुधा युक्तिवादात होत नसे. तो कागदात आधीच झालेला असे.

खानदेशात हा अनुभव विशेष तीव्रतेने आला तो तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी. शहादे तालुका १९९८ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात गेला. तत्पूर्वीचा त्याचा इतिहास धुळे जिल्ह्याचाच होय. तेथील भिलांच्या पुष्कळ जमिनी कर्जापोटी, गहाणापोटी वा नाममात्र किमतीस इतरांच्या नावे झाल्या होत्या आणि मूळ मालक त्याच शेतावर सालदार म्हणून राबत होता. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे धान्य मागण्यास गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालील चळवळीस जोर चढला आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. तिच्या कार्यात शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण सामील झाले. त्यांपैकी कुमार शिराळकर हे शिक्षणाने अभियंते होते. जमिनीच्या हक्काच्या या लढ्यातील एक अग्रणी कायद्याचा नव्हे, तर अभियांत्रिकीचा पदवीधर असावा, ही गोष्ट तत्कालीन विधी-शिक्षणाविषयी बरेच काही सांगून जाते.

अशा चळवळींच्या दबावातून अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ साली संमत झाला व १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. चौकशीचे अधिकार दिवाणी न्यायालयास न देता जिल्हाधिकाऱ्यास दिले गेले. या कायद्यातील कलम ९-अ सर्वांत लक्षणीय आहे. त्यान्वये या कायद्याखालील कार्यवाहीत वकिलास पक्षकारातर्फे उपस्थित राहण्याचा हक्क नाही. लिंगप्पा पोचण्णा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा व हे कलम दोन्ही वैध ठरविले. (वकिलांस मज्जाव करणाऱ्या कलमाविरुद्धची बाजूही अर्थात वकिलांनीच मांडली.) वकिलीच्या हक्कासंबंधीचे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे ३० वे कलम तेव्हा अमलातच आले नव्हते, ते २०११ मध्ये आले. त्याच निकालात न्यायालयाने असेही सुचविले की, आदिवासींसाठी विधिसाहाय्याचे कार्य तळागाळातील स्वयंसेवी संघटनांकडे सोपवावे आणि त्यात हक्कांच्या जाणिवेस स्थान असावे.

विधी-विद्यार्थ्याच्या दृष्टीने या स्थितीचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. सनद नाही म्हणून तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, हे त्याच्या स्वयंसेवेचे वैगुण्य मानण्याचा प्रघात आहे. परंतु खानदेशातील सर्वांत मोठ्या भूमिप्रश्नात सनदेचा प्रवेशच बंद होता. तेथे निर्णायक ठरणारे काम म्हणजे सातबाराचे जुने उतारे काढणे, फेरफाराची नोंद कोणत्या वर्षी व कोणत्या आधारे झाली ते पाहणे आणि मुदतीत अर्ज करणे. खरेदीखताची तारीख १९५७ च्या मार्चमधील की एप्रिलमधील, एवढ्यावर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून असे. तथापि याची मर्यादाही स्पष्ट आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की वकील अपरिहार्य होई, आणि तेथपर्यंत जाण्याची ऐपत बहुधा प्रतिपक्षाचीच असे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ मध्ये अमलात आला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात प्राध्यापकाच्या देखरेखीखाली अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवावयाचे विधिसाहाय्य केंद्र आवश्यक केले. जळगावचे मणियार विधी महाविद्यालय असो वा धुळ्यातील विधी-शिक्षण, हे बंधन सर्वांस सारखेच आहे. केंद्राचा फलक लावून आणि वर्षाकाठी एक शिबिर भरवून ते औपचारिकपणे पाळताही येते.

प्रत्यक्ष काम मात्र यावल, रावेर, चोपडा, शिरपूर व साक्री या तालुक्यांत उभे आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. येथेही दावा प्रथम न्यायालयापुढे नव्हे, तर ग्रामसभेपुढे जातो. आणि सरकारी दप्तराखेरीज विहिरी, बांध, घरे यांच्या खुणा व गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा ग्राह्य धरला जातो. हे निवेदन पावरीत वा भिलीत सांगितले जाते आणि कागदावर मराठीत उतरते. त्या भाषा घरी वा शेजारी ऐकत वाढलेला चोपड्याचा किंवा शिरपूरचा विद्यार्थी हे काम मुंबईच्या निष्णात वकिलापेक्षा अधिक अचूकपणे करू शकतो.