पट्टा जिथे पोचत नाही : कुत्र्याला शिकवण्याच्या पद्धती कशा बदलल्या

सुरुवात घरापासून करतो.

मी सहावी-सातवीत असताना आमच्याकडे मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. एके दिवशी त्यानं वडिलांची नवी चप्पल फाडली. वडील संध्याकाळी कामावरून आले, त्यांनी चप्पल पाहिली आणि ‘मोत्या, ये इकडे’ अशी हाक मारली. मोत्या नेहमीसारखा शेपूट हलवत आला आणि त्याच चपलेचा मार त्यानं खाल्ला. पुढे असं दोन-तीनदा झालं. मग एकदा फाटक उघडं राहिलं. मोत्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि वळणावरून टेम्पो येत होता. वडिलांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली, ‘मोत्या, ये!’ मोत्यानं ती ऐकली. शेपूट पायात घातली आणि मागे मागे सरकत तो थेट रस्त्यातच गेला. जीव वाचला, पण मागचा एक पाय कायमचा अधू झाला.

घरात सगळे म्हणाले, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मला पुष्कळ वर्षांनी उमजलं की मोत्या शिकला होता, आणि अगदी चोख शिकला होता. ‘ये’ या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ ‘मार’ असा होता, आणि तो त्याला बरोबर कळला होता.

आता यातली इतिहासाची गोष्ट अशी, की मोत्याला कसं शिकवावं हे त्याआधी शंभर वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं. मग ते घरोघरी पोचायला इतका उशीर का लागला? आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

‘मोडणं’ की ‘शिकवणं’

एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत शिकारी कुत्रा तयार करण्याला जो शब्द होता, त्याचा सरळ अर्थ ‘कुत्रा मोडणं’ असा. आपल्याकडे गोऱ्ह्याला वेसण घालून जुवाला लावतात, तशीच काहीशी कल्पना. १८४८ मध्ये हचिन्सन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं याच नावाचं पुस्तक लिहिलं. नावात मोडणं असलं तरी आतला सल्ला बराचसा सबुरीचा आणि गोडीगुलाबीचा होता. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेत एस. टी. हॅमंड यांनी हा वाद उघडच मांडला. शिकारीविषयीच्या एका साप्ताहिकात ते लिहीत असत. कुत्र्याला मोडू नका, शिकवा. त्याचं बरोबर आलं की शाबासकी द्या, मांसाचा तुकडा द्या, असं त्यांचं सांगणं.

हे शहाणपण आलं कुठून? प्रयोगशाळेतून नाही, कारण ती अजून उघडायची होती. ते शिकारीच्या रानातून आलं. शिकारी कुत्रा मालकापासून शंभर-दोनशे पावलं पुढे असतो. तिथे पट्टा पोचत नाही, चाबूक पोचत नाही. तिथे त्यानं काम करायचं, तर त्याला ते करावंसं वाटलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आज परत परत येणार आहे.

लाळ, मांजर आणि एक माघार

पुढचा टप्पा आपल्या ओळखीचा. रशियात सेंट पीटर्सबर्गला इव्हान पावलॉव्ह कुत्र्यांच्या पचनसंस्थेचा अभ्यास करत होते. १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनाच्या कामाबद्दल, घंटेबद्दल नव्हे. त्यांना दिसलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्नाची चाहूल लागली की कुत्र्याची लाळ सुटते. म्हणजे एखादी निरर्थक खूणसुद्धा अन्नाशी जोडली गेली की अर्थपूर्ण होते. आमच्या घरातला ‘ये’ असाच मारेशी जोडला गेला होता.

त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना खोक्यात कोंडून बाहेर खाणं ठेवलं. १८९८ मध्ये त्यांचा प्रबंध आला. मांजर धडपडते, चुकून खटका दाबला जातो, दार उघडतं. पुढच्या खेपेला ती खटक्याकडे जरा लवकर जाते. यावरून त्यांनी नियम बांधला : ज्या कृतीचं फळ समाधान, ती कृती पक्की होते, जिचं फळ त्रास, ती विरते. नियमाला दोन बाजू होत्या. पण १९३० च्या सुमारास माणसांवर प्रयोग करून थॉर्नडाइकनी स्वतःच दुसरी बाजू सैल केली. ‘बरोबर’ म्हटल्यानं उत्तर पक्कं होतं, पण ‘चूक’ म्हटल्यानं ते तितकंसं पुसलं जात नाही, असं त्यांना आढळलं. एका मोठ्या शास्त्रज्ञानं अशी जाहीर माघार घेतली. पण त्या वेळी कुत्री शिकवणाऱ्यांच्या मैदानावर तिची दखल कोण घेणार?

मैदानावर काय चाललं होतं

त्या मैदानावर जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचा दबदबा होता. त्यांचं पुस्तक १९१० चं. मोस्टना निव्वळ क्रूर ठरवणं अन्यायाचं होईल. कुत्र्याला आपल्यासारखं नीतिशास्त्र कळत नाही, आणि बक्षीस असो वा शिक्षा, ती कृतीच्या क्षणीच हवी, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. आमच्या वडिलांनी एवढं वाचलं असतं तरी मोत्याचा पाय वाचला असता. पण त्यांच्या पद्धतीत छडी होती, काटेरी पट्टा होता, आणि सक्ती हा पाया होता.

आता दुसरीकडे पाहा. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिशांनी शूबरीनेस इथे युद्धश्वानांची शाळा काढली. प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन. आघाडीवरून चिठ्ठी घेऊन मागे धावणारे निरोप्ये कुत्रे तिथे तयार होत. तोफगोळ्यांच्या माऱ्यात, चिखलातून, एकटंच मैलोन्‌मैल धावायचं. रिचर्डसन यांचा आग्रह होता की या कामात जबरदस्ती चालत नाही. कुत्रा कितीही उशिरा पोचला तरी त्याला गोंजारायचं, खायला द्यायचं. कारण उघड आहे. पोचल्यावर मार मिळाला, तर पुढच्या वेळी तो पोचणारच नाही.

म्हणजे एकाच काळात दोन परंपरा दिसतात. कुत्रा हाताशी असेल तिथे सक्ती. हाताबाहेर असेल तिथे बक्षीस.

महायुद्धं संपली, लष्करात कुत्री शिकवलेली माणसं घरी आली आणि त्यांच्यातल्या अनेकांनी घरगुती कुत्र्यांचे वर्ग काढले. कवायत, हुकूम आणि पट्ट्याचा झटका हे सगळं तिथून दिवाणखान्यात आलं. विल्यम कोहलर यांनी लष्करासाठी आणि डिस्नेच्या चित्रपटांसाठी कुत्री तयार केली होती. त्यांचं १९६२ चं पुस्तक गळा आवळणाऱ्या साखळीवर उभं आहे आणि ते प्रचंड खपलं.

कबुतर, कोंबडी, डॉल्फिन

दरम्यान बी. एफ. स्किनर यांनी थॉर्नडाइकचा धागा पुढे नेला होता. १९४३ मध्ये मिनियापोलिसला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांचे सहकारी कबुतरांना क्षेपणास्त्राची दिशा धरायला शिकवत होते. ती योजना लष्करानं शेवटी वापरली नाही, पण तिथे एक गोष्ट हाती लागली. पूर्ण कृतीची वाट पाहत बसायचं नाही. कबुतरानं चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा, मग जवळ गेलं की दाणा, मग चोच लावली की दाणा. कृती अशी पायरी पायरीनं घडवायची. १९५१ मध्ये स्किनरनी सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. घरच्या कुत्र्याला शिकवताना मुलांचं ‘टिक-टिक’ वाजणारं खेळणं वापरा, असं त्यात सुचवलं होतं. आजचा क्लिकर तो हाच. आवाज म्हणजे ‘हेच बरोबर, खाऊ येतोय’. पावलॉव्हची खूण आणि थॉर्नडाइकचं फळ इथे एकत्र आलं.

स्किनरचे दोन विद्यार्थी, केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्यानं तर यावर धंदाच उभारला. त्यांनी सुरुवातीला कुत्री शिकवणाऱ्यांना ही पद्धत देऊ केली. कुणी घेतली नाही. आमच्या बापजाद्यांपासून चालत आलंय ते बरं आहे की, असा सूर. मग ब्रेलंड कोंबड्यांकडे वळले. जत्रांमधून पियानो वाजवणाऱ्या कोंबड्या दाखवल्या. आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्सला त्यांचं केंद्र होतं, आणि पुढे शंभरावर प्रजाती त्यांच्या हाताखालून गेल्या.

त्यानंतर डॉल्फिन. १९६३ मध्ये कॅरन प्रायर हवाईच्या एका सागरी उद्यानात डॉल्फिन शिकवू लागल्या. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, मारता येत नाही. तुम्ही रागावलात तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. शिट्टी आणि मासा एवढंच तुमच्याकडे. १९८४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘डोन्ट शूट द डॉग’, आणि १९९० च्या दशकात क्लिकर कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पोचला.

गंमत बघा. कबुतर, कोंबडी, डॉल्फिन यांना हे सुख आधी मिळालं. माणसाचा हजारो वर्षांचा सोबती मात्र रांगेत शेवटी. का? कारण त्याच्या गळ्यात पट्टा होता. जिथे झटका देता येतो, तिथे विचार करायची गरज पडत नाही.

याचं उत्तर स्किनरच्याच नियमात आहे. तुम्ही ओरडता, कुत्रा त्या क्षणी भुंकायचा थांबतो. बक्षीस कुणाला मिळालं? तुम्हाला. शांतता हा तुमचा खाऊ. तुमचं ओरडणं पक्कं होतं, त्याचं भुंकणं उद्या परत येतं. हात उगारणं टिकून राहिलं ते हात उगारणाऱ्याला फळ मिळत गेलं म्हणून.

लांडग्याचं कारण

या सवयीला एक शास्त्रीय वाटणारा आधारही सापडला. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास छापला. कुंपणात एकत्र ठेवलेले लांडगे वर्चस्वासाठी झगडत होते. १९७० मध्ये डेव्हिड मेक यांच्या गाजलेल्या पुस्तकातून ‘आल्फा’ लांडगा लोकांपर्यंत गेला. त्यावरून निघालं, कुत्रा म्हणजे लांडगा, तुम्ही टोळीचे नायक, त्याला दाबून ठेवा. पण पुढे मेक यांनीच रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं, आई, बाप आणि पिल्लं. ‘आल्फा’ म्हणजे नुसते आईबाप. थॉर्नडाइकसारखी ही दुसरी माघार, पण आधीचं पुस्तक वाचलेल्या किती जणांपर्यंत ती गेली?

२०२० मध्ये पोर्तुगालमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रशिक्षण वर्गांतली ९२ घरगुती कुत्री घेतली होती. शिक्षेच्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं.

शेपूट आणि नळी

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. बक्षिसानं वाट्टेल ते शिकवता येतं का? नाही. ब्रेलंड जोडप्यानंच १९६१ मध्ये आपल्या फसलेल्या प्रयोगांवर निबंध लिहिला. डुकराला नाणं उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलं. काही आठवड्यांनी ते नाणं वाटेत टाकून नाकानं उकरत बसू लागलं. उपजत सवय शिकवणीवर मात करते. म्हणजे शेपटाच्या म्हणीत तथ्य आहेच. फक्त अर्थ वेगळा घ्यायचा. शेपूट सरळ करायचं हा मुळात आपला हट्ट. कुत्रा हुंगणार, चावणार, भुंकणार. त्याला चपलेऐवजी चावायला दुसरं काही देणं आपल्या हातात आहे.

आणि त्याचं हुंगणंच केवढं कामाला येतं! १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांनंतर झंजीर या लॅब्रॅडोरनं स्फोटकं शोधून किती जीव वाचवले हे आपण जाणतो. नाकाचं काम धाक दाखवून होत नाही, कारण वास कुठे आहे हे आपल्याला ठाऊकच नसतं. ते तो सांगेल तेव्हा. त्याला सांगावंसं वाटलं पाहिजे.

एक प्रश्न नेहमी येतो : खाऊ म्हणजे लाच नाही का? लाच आधी दाखवतात, बक्षीस कामानंतर मिळतं. सवय पक्की झाली की खाऊ हळूहळू विरळ करा. आणि लाड म्हणजे शिकवणं नव्हे. अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरवा, चार पाय जमिनीवर आले की लगेच कौतुक करा. नियम राहतातच.

आपल्यातले बरेच जण छडीच्या शाळेत शिकलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारण्यावर बंदी घातली. तरी हात उगारायची सवय कायद्यानं एका दिवसात जात नाही. म्हणून आज घरी जाऊन एवढंच करा. कुत्र्याला हाक मारा, तो आला की पोळीचा तुकडा द्या आणि परत खेळायला सोडा. रोज पाच-सात वेळा. आणि काहीही झालं तरी ‘ये’ म्हणून बोलावून कधी रागावू नका. एक दिवस फाटक उघडं राहील, तेव्हा तो शब्द तुम्हाला लागणार आहे.

वडील नंतर मोत्याला स्वतःच्या ताटातली भाकरी देत, न बोलावता, तो बसला असेल तिथे जाऊन. त्यांना हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी मोत्या लंगडत त्यांच्या हाकेला परत येऊ लागला होता.