इराकवरचे निर्बंध आणि सद्दामचे रेशनकार्ड

एखाद्या देशावर आर्थिक निर्बंध लागले की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. कुणी म्हणतो, युद्धापेक्षा हे बरे. कुणी म्हणतो, निर्बंधांनी काहीच साधत नाही. इराकचा १९९० ते २००३ हा काळ पाहिला तर मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. चारच दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकचा जवळपास सगळा व्यापार थांबवला. औषधांना सूट होती. पण तेल विकायलाच बंदी, मग औषधे घ्यायची कशातून? कुवेत अखेर सुटला तो १९९१च्या युद्धाने. निर्बंध मात्र कायम राहिले. आता अट होती विध्वंसक शस्त्रे नष्ट करण्याची.

इकडे सरकारने १९९०च्या सप्टेंबरातच रेशन सुरू केले होते. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल. कार्ड सरकारच्या हातात, म्हणजे घराघरातली चूलही सरकारच्याच हातात! दिनार इतका घसरला की शिक्षकाचा महिन्याचा पगार जेमतेम काही डॉलर उरला. बगदादमध्ये अल-मुतनब्बी या अरबी शायराच्या नावाचा रस्ता आहे, पुस्तकांचा जुना बाजार. तिथे शिकलीसवरलेली माणसे घरातली पुस्तके विकायला आणू लागली. मी स्वतः शिक्षक असल्याने हे चित्र मला जास्त टोचते. सत्तेला प्रश्न विचारू शकणारा वर्गच मोडून पडला, आणि तस्करीच्या पैशावर सद्दामचा गोतावळा पोसला गेला.

‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेचा ठराव १९९५चा, पण धान्य पोहोचू लागले १९९७मध्ये. योजनेवर देखरेख करणारे संयुक्त राष्ट्रांचेच अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८मध्ये, त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २०००मध्ये निषेध म्हणून पद सोडले.

पाच लाख बालमृत्यूंचा आकडा आपल्याकडे आजही फिरतो. तो जपून वापरावा. सद्दाम गेल्यानंतरच्या पाहण्यांत एवढी वाढ आढळली नाही, आणि जुन्या आकड्यांत त्याच्या सरकारने फेरफार केल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. हाल सांगायला पगार आणि पुस्तके पुरेशी आहेत.

आता दुसरी बाजू. २००३नंतर अमेरिकेच्याच तपास पथकाला शस्त्रसाठे सापडले नाहीत. ते बहुतांशी १९९१मध्येच नष्ट झाले होते. म्हणजे निरीक्षक आणि निर्बंध यांच्या दडपणाचा परिणाम झाला होता. पण मार्च १९९७मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी जाहीर केले होते की, शस्त्रांची अट पाळली तरी निर्बंध उठवावेत हे आम्हाला मान्य नाही. माझ्या मते हे साधन तिथेच बोथट झाले. अट पाळूनही सुटका नसेल तर ती कोण पाळेल?

२२ मे २००३ रोजी ठराव १४८३ने निर्बंध उठले, तेव्हा बगदाद अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते. रेशनकार्ड मात्र त्यांनाही बंद करता आले नाही.