रक्ततपासणीत वेदनाशामक गोळी कळते का?

‘दुखण्याची गोळी घेतली होती का?’ असे विचारले की काही रुग्ण म्हणतात, ‘रक्त तपासा, कळेलच.’ खरेच कळते का? याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात आहे.

१९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने कमी झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानात केवलादेव येथे ही घट नोंदवली. मुंबईतल्या पारशी दोखम्यावरही गिधाडे येईनाशी झाली. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झालेली असत आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर असे. इजा दिसत होती, कारण सापडत नव्हते. विषाणू, कीटकनाशके, जड धातू, सगळे तपासून झाले.

शेवटी पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने पशुवैद्यांना आणि औषध विक्रेत्यांना विचारले, ‘जनावरांना कोणती औषधे देता?’ त्यातून डायक्लोफिनॅकचे नाव पुढे आले. ते टोचलेले जनावर मेले की गिधाडे त्याचे मांस खात. मग नेमके हेच औषध शोधले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडले. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकाही गिधाडात नाही. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

माणसाचेही तसेच आहे. क्रिएटिनिन वाढले की मूत्रपिंडाला त्रास झाल्याचे कळते, कोणत्या गोळीने ते कळत नाही. डायक्लोफिनॅक रक्तात साधारण दोन तासांत निम्मे होते. दुसऱ्या दिवशी जवळजवळ उरत नाही. ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा परिणाम आठ-दहा दिवस टिकतो, पण नेहमीच्या प्लेटलेटच्या आकड्यात तो दिसत नाही. पॅरासिटामॉलची रक्तातली पातळी मोजता येते. पण ती मुद्दाम मागवावी लागते, मुख्यतः जास्त गोळ्या घेतल्याचा संशय असेल तेव्हा.

नाथषष्ठीला पैठणला पायी येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उन्हात चालणे, पाणी कमी आणि पाय दुखतात म्हणून गोळी, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर अशी गोळी मनाने घेऊच नका.

डॉक्टरांकडे जाताना गोळीचे रिकामे पाकीटही सोबत न्या. प्रयोगशाळेला जे सापडणार नाही, ते त्या पाकिटावर लिहिलेले असते.